पटाशी, हातोडी आणि डावा हात: घरच्या दुरुस्तीत झालेल्या जखमांविषयी

प्रश्न : रामबागवासी, इंदूर

सर्वांना नमस्कार. आमचे घर रामबागेत आहे, जुन्या सागवानी चौकटींचे. अनंत चतुर्दशीच्या झाकी निघून गेल्या की दिवाळीपूर्वीच्या डागडुजीला लागायचे, ही आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. यंदा नेहमीचा मिस्त्री गावी गेला आहे आणि निवृत्तीमुळे मला वेळही आहे, म्हणून दोन दरवाजांच्या बिजागऱ्या बदलणे, एका चौकटीचा कुजलेला भाग काढून नवा तुकडा बसवणे आणि स्वयंपाकघरात दोन फळ्या लावणे ही कामे मी स्वतःच हाती घेतली. काम मनासारखे होत आहे, परंतु तीन आठवड्यांत हाताला तीनदा लागले आणि त्यामुळे घरची मंडळी धास्तावली आहेत.

पहिल्यांदा, जुनी बिजागरी डाव्या तळहातात धरून तिच्यात गंजून बसलेला स्क्रू सोडवत असताना पेचकस घसरला आणि अंगठ्याच्या बुंध्याशी तळहातात घुसला. छिद्र लहान होते, ते दोन दिवसांत मिटले. दुसऱ्यांदा, साधारण अकरा दिवसांपूर्वी, खिळा ठोकताना हातोडी डाव्या अंगठ्यावर बसली. नखाचा एक तृतीयांश भाग काळानिळा झाला आहे, पहिल्या रात्री ठणक्यामुळे झोप लागली नाही, आता दुखणे जवळजवळ थांबले आहे. तिसरी जखम चार दिवसांपूर्वीची. चौकटीसाठी केलेला लाकडाचा तुकडा डाव्या हातात धरून पटाशीने त्याची कड तासत होतो, पटाशी निसटली आणि डाव्या तर्जनीच्या मधल्या पेराला, आतल्या अंगाने, अंगठ्याकडील बाजूला अर्ध्या इंचाचा काप पडला. रक्त बरेच वाहिले. पत्नीने जखमेत हळद दाबून घट्ट पट्टी बांधली आणि पंधरा-वीस मिनिटांनी रक्त थांबले. जखमेच्या कडा आता जुळल्यासारख्या दिसतात, पू नाही, बोट पूर्ण वाकते आणि सरळही होते. त्या बोटाचे टोक एका बाजूने थोडे बधिर वाटते, पण ते घट्ट पट्टीमुळे असावे असे मी धरून चाललो आहे.

मला विचारायचे ते असे. अंगठ्याचे नख गळून पडेल का आणि त्यासाठी काही करावे का? दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडलो तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले होते, ते आता पुन्हा घ्यावे लागेल का? आणि हाताला असे वारंवार लागू नये म्हणून अनुभवी मंडळी काय करतात?

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, टिळकनगर

रामबागवासी, आपण जी गोष्ट शेवटी ओझरती लिहिली आहे तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पट्टी चार दिवसांपूर्वीची आहे आणि बोटाचे टोक एकाच बाजूने बधिर आहे. पट्टी घट्ट असेल तर सबंध बोट जड आणि निळसर होते, आणि पट्टी सैल केल्यावर तासाभरात ते पूर्ववत होते. कापाच्या पलीकडचा एका बाजूचा भागच बधिर राहणे हे वेगळे लक्षण आहे. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक मज्जातंतू टोकापर्यंत जातो, आणि आपला काप नेमका त्यांपैकी एकाच्या वाटेवर आहे. तो कापला गेला असण्याची शक्यता मला खरी वाटते.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत खात्री करायची असेल तर घरी दोन गोष्टी करून पाहता येतील. कागदाला लावतो ती तारेची पिन उलगडून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवावी, दोन टोकांत पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवावे, डोळे मिटून बसावे आणि पत्नीने ती बोटाच्या टोकाला हलकेच, कधी एक टोक तर कधी दोन्ही टोके, लावावी. निरोगी बोटाला एवढ्या अंतरावरची दोन टोके वेगळी ओळखता येतात. आधी उजव्या तर्जनीवर करून पाहावे, मग डाव्या तर्जनीच्या दोन्ही बाजूंवर. दुसरी गोष्ट म्हणजे त्वचेकडे पाहणे. ज्या भागाचा मज्जातंतू तुटला आहे तिथे घाम येत नाही, त्यामुळे तो भाग शेजारच्या भागापेक्षा कोरडा आणि गुळगुळीत लागतो. निरोगी बोटांची टोके अर्धा तास पाण्यात राहिल्यावर सुरकुततात, तुटलेल्या मज्जातंतूच्या भागावर तशा सुरकुत्या पडत नाहीत. आपली जखम अजून कोवळी आहे, म्हणून हा पाण्याचा प्रयोग मात्र आपण करू नये.

यांतले काहीही वेगळे आढळले, किंवा न आढळताही बधिरपणा कायम राहिला, तरी उद्याच हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिशल्यचिकित्सकाला किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवावे. तुटलेला मज्जातंतू पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, सूक्ष्मदर्शकाखाली जोडला तर निकाल चांगला येतो. नंतर त्याची टोके आकसतात, त्यांवर गाठ धरते आणि कधी कधी दुसरीकडचा तंतू आणून मधली जागा भरावी लागते. त्यात आपल्या तर्जनीची ती बाजू म्हणजे चिमटीची बाजू आहे. सुई उचलणे, सदऱ्याची गुंडी लावणे, नोटा मोजणे या सगळ्यांत अंगठा तिच्यावरच टेकतो.

बोट वाकते आणि सरळ होते ही समाधानाची गोष्ट आहे, पण तीही नीट तपासायला हवी. स्नायूला हाडाशी जोडणारी जी दोरी असते, जिला कंडरा म्हणतात, ती अर्धवट कापली गेली असेल तरी बोट हलते आणि काही दिवसांनी जोर देताच तुटते. म्हणून मधले पेर धरून ठेवून फक्त टोकाचा सांधा वाकवून पाहावा, आणि डॉक्टर समोरून हलका विरोध देतील तेव्हा दुखते किंवा बळ कमी पडते का ते त्यांना सांगावे. हे तपासून घेण्यापूर्वी स्वतः जोर लावून पाहू नये.

हळदीबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही, माझ्या आईनेही आम्हा भावंडांच्या जखमांत हळदच भरली. परंतु स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, ती जखमेत खोल जाऊन बसते, आणि तिच्या रंगामुळे जखमेच्या कडा, तळ आणि भोवतालची लाली काहीच दिसत नाही. टाके घालणाऱ्याला ती आधी धुऊन काढावी लागते आणि ते रुग्णाला फार दुखते. चुना, कॉफीची पूड, दंतमंजन यांनाही हेच लागू आहे. अशा कापावर स्वच्छ कापड ठेवून, घड्याळात पाहून, सलग दहा मिनिटे बोटाने दाब द्यावा आणि हात छातीच्या वर धरावा. मध्येच कापड उचलून डोकावले की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रक्त थांबल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम चांगली पाच मिनिटे धुवावी, भोवती साबण लावावा आणि कोरडी पट्टी बांधावी. बोटाला दोरा किंवा रबर आवळून बांधू नये. आणि हाताला काहीही लागले की पहिल्या मिनिटात अंगठी काढावी, कारण सूज चढल्यावर ती कापूनच काढावी लागते. कडा उघड्या राहत असतील तर टाके शक्यतो सहा ते आठ तासांच्या आत पडावेत.

आता आपले बाकीचे प्रश्न. नखाखाली साचलेल्या रक्ताचा ठणका असह्य असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक छिद्र करून ते रक्त काढतात आणि रुग्णाला तिथल्या तिथे आराम पडतो. अकरा दिवसांनी, दुखणे थांबल्यावर, त्याचा उपयोग नाही, तेव्हा नख आहे तसे राहू द्यावे. घरी तापवलेली सुई वापरण्याचा मोह कुणीही करू नये. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे काळा भाग पुढे सरकत सहा महिन्यांच्या आसपास निघून जाईल. मधे जुने नख सुटले तर ते ओढू नये, खालचे नवे नख त्याला आपणच ढकलते. अंगठ्याच्या टोकाचे हाड दाबल्यावर अजूनही दुखत असेल तर बोटासाठी जाल तेव्हाच अंगठ्याचाही एक्स-रे काढून घ्यावा.

धनुर्वाताविषयी मोठा गैरसमज आहे की तो गंजामुळे होतो. त्याच्या जिवाणूंची बीजे माती, धूळ आणि शेण यांत असतात, आणि गंजका खिळा बहुधा तिथलाच असतो म्हणून त्याचे नाव बद्नाम झाले आहे. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील तर स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षांच्या आणि मळलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षांच्या आतला डोस पुरतो. आपला दोन वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा काळजी नको. लहानपणी डोस झाले होते की नाही हे आठवत नसेल तर तसे डॉक्टरांना जरूर सांगावे.

उत्तर : सुतारकामाचा शिक्षक, लोकमान्यनगर

डॉक्टरसाहेबांनी लिहिले आहे ते आधी करावे, माझे उत्तर त्यानंतर सावकाश वाचावे.

तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना सुतारकाम शिकवले, त्या अनुभवावरून लिहितो. आपला प्रश्न वाचताना मला एकच गोष्ट दिसली: तिन्ही जखमा डाव्या हाताला आहेत. उजव्या हातात हत्यार असते, नजर आणि मन त्याच्याबरोबर असते, म्हणून तो हात वाचतो. डावा हात वस्तू धरून बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी डाव्या हाताने जे धरले होते, ते शिकंज्याने किंवा क्लॅम्पने धरायला हवे होते. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी पटाशी देतच नसे. आधी तुकडा बांधायला शिकवत असे, आणि बांधलेला तुकडा मी हाताने हलवून पाहत असे.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत सी-क्लॅम्प सहज मिळतात. चार इंची दोन आणि सहा इंची दोन घेतले की घरच्या कामाला पुरतात. टेबल खराब होऊ नये म्हणून क्लॅम्पच्या जबड्याखाली लाकडाची चकती ठेवावी. क्लॅम्प नसेल तेव्हासाठी एक साधी फळी करून ठेवावी: हातभर लांबीची फळी, तिच्या एका टोकाला खालच्या अंगाने आणि दुसऱ्या टोकाला वरच्या अंगाने एकेक आडवी पट्टी स्क्रूने बसवलेली. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला तुकडा टेकतो, आणि पटाशीचा जोर त्या पट्टीवर जातो. अशा फळीवर काम करताना दोन्ही हात पटाशीच्या धारेच्या मागे राहतात. दोन्ही हात धारेच्या मागे, एवढे एक पथ्य पाळले तरी आपली तिसरी जखम झाली नसती.

पटाशीला धार होती का, हेही मला विचारावेसे वाटते. बोथट पटाशी अधिक जखमा करते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोराने ढकललेली वस्तू सुटली की थांबत नाही. पंचवीस अंशांचा उतार आणि सहाणेवर तीस अंशांची शेवटची धार असलेली पटाशी जुन्या सागवानाच्या आडव्या टोकावरही पातळ साल काढते आणि तिला मनगटाचा हलका दाब पुरतो. ठोकायचे असेल तर लाकडी हातोडा घ्यावा, आणि एका वेळी थोडेच लाकूड काढावे.

गंजलेल्या स्क्रूसाठी पेचकसाचे पाते खाचेच्या पूर्ण लांबीचे आणि जाडीचे हवे. आमच्याकडच्या जुन्या दरवाजांत स्क्रूच्या खाचा रंगाच्या थरांनी भरलेल्या असतात, त्या आधी टोकदार खिळ्याने कोरून साफ कराव्यात. मग स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडून तासभर थांबावे, पेचकस खाचेत उभा धरून त्याच्या मुठीवर हातोडीचा एक ठोका द्यावा, आणि बिजागरी कधीही तळहातावर न घेता टेबलावर बांधूनच स्क्रू फिरवावा. नवा स्क्रू सागवानात घालताना आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूच्या आट्यांवर कोरडा साबण घासावा, म्हणजे तो अर्ध्या जोरात आत जातो.

खिळा धरताना सगळे त्याला लाकडाजवळ धरतात. तिथे चुकलेला ठोका बोट आणि लाकूड यांच्यामध्ये बसतो आणि नख चेचते. खिळ्याच्या माथ्याजवळ धरले तर चुकलेला ठोका बोटांना बाजूला उडवतो. लहान खिळा जाड पुठ्ठ्याच्या पट्टीत टोचून पट्टी दूर धरावी, आणि खिळा उभा राहिला की पट्टी फाडून काढावी.

यंत्रांबद्दल दोन गोष्टी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. चार इंची ग्राइंडरचे चाक मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. त्याचे संरक्षक कडे काढून लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवण्याची जी सवय सगळीकडे पसरली आहे, ती मी घोर चूक मानतो. ते पाते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते आणि तेव्हा होणारी जखम किरकोळ नसते. फळ्यांसाठी ड्रिल वापरणार असाल तर हातमोजे घालू नयेत, कारण फिरते टोक मोज्याचा धागा पकडते आणि बोटासकट ओढून नेते. काच उचलताना, पत्रा वाहताना, जुन्या फळ्या उतरवताना मात्र जाड मोजे अवश्य घालावेत.

उत्तर : सुदामानगरची वाचक

डॉक्टरांनी कंडरेविषयी जे लिहिले आहे त्याला माझ्या हाताची साक्ष आहे, म्हणून लिहिते.

घराचे रंगकाम मी गेली बारा वर्षे स्वतः करते. तीन वर्षांपूर्वी खिडकीची तडकलेली काच काढताना, काचेभोवतीची लांबी (पुटी) खरवडत असताना, काचेचा एक त्रिकोणी तुकडा निसटून माझ्या उजव्या करंगळीच्या मुळाशी बसला. जखम एका सेंटिमीटरचीही नव्हती. रक्त लवकर थांबले. जवळच्या दवाखान्यात दोन टाके घातले, पण बोट हलवून दाखवा असे मला कुणी म्हटले नाही, आणि हलवून पाहावे हे मलाही सुचले नाही. आठ दिवसांनी टाके काढले तेव्हा करंगळीच्या टोकाचा सांधा वाकत नव्हता. सूज उतरली की वाकेल, असे मी स्वतःला सांगत राहिले आणि दळण, धुणे, स्वयंपाक चालू ठेवला. मैत्रिणीच्या आग्रहावरून हाताच्या शल्यचिकित्सकाकडे गेले तेव्हा चाळीस दिवस झाले होते.

त्यांनी मला तळहात वर करून हात टेबलावर सैल ठेवायला सांगितला. बाकीची तीन बोटे आपोआप किंचित वाकलेली होती आणि करंगळी एकटी सरळ पडली होती. एवढ्यावरून त्यांनी सांगितले की कंडरा तुटून तिचे टोक तळहातात मागे सरकले आहे. पहिल्या आठवड्यात आले असते तर एका शस्त्रक्रियेत जोडता आली असती. आता मला दोन शस्त्रक्रिया लागल्या. पहिल्यांदा बोटात सिलिकॉनची कांडी ठेवून नव्या कंडरेसाठी वाट तयार केली, आणि तीन महिन्यांनंतर मनगटाकडची कंडरा तिथे बसवली. त्यापुढचे कित्येक आठवडे हात पट्टीत आणि रोज व्यायाम. आज करंगळी बरीच वाकते, पूर्ण वाकत नाही. भाकरी थापताना मला ते रोज जाणवते.

तेव्हा कुणाच्याही हाताला काचेने किंवा पटाशीने लागले, तर पट्टी बांधण्यापूर्वी हात असा तळहात वर करून ठेवून बोटे एका ओळीत वाकलेली आहेत ना, एवढे तरी पाहावे. काच टोचली असेल तर एक्स-रे काढायला सांगावे, कारण काचेचा कण त्यात बहुधा दिसतो. लाकडाची ढलपी मात्र एक्स-रेत सहसा दिसत नाही, तिच्यासाठी सोनोग्राफी करावी लागते. हे मला त्या चाळीस दिवसांनंतर कळले.

रामबागवासी यांचे पुढील लेखन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. त्याच रात्री पिनेने तपासले. उजव्या तर्जनीला दोन टोके स्पष्ट कळली. डाव्या तर्जनीच्या मधल्या बोटाकडील बाजूलाही कळली. अंगठ्याकडील बाजूला मात्र पिन लावली आहे की नाही हेच मला सांगता येईना, आणि पत्नीचा चेहरा पाहूनच मला काय ते समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी शल्यचिकित्सकांनी तपासले आणि त्यानंतरच्या दिवशी, म्हणजे जखमेच्या सातव्या दिवशी, शस्त्रक्रिया झाली. मज्जातंतू पूर्ण तुटलेला होता, तो जोडला आहे. कंडरेच्या आवरणाला कापाची कड लागली होती, परंतु कंडरा शाबूत आहे. अंगठ्याच्या एक्स-रेत हाड नीट दिसले. जखमेतून हळदीचे कण निघाले, हेही मला सांगण्यात आले, आणि ते पत्नीला कसे सांगावे या विचारात मी अजून आहे, कारण तिने ते जिवाच्या आकांताने केले होते.

क्लॅम्प मुलाने आणून ठेवले आहेत. चौकटीचे काम तूर्त थांबवले आहे. संवेदना परत यायला किती काळ लागेल, आणि तोवर काय सांभाळावे, एवढे सांगावे.

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, टिळकनगर

वेळेत गेलात, फार बरे वाटले. जोडलेला मज्जातंतू सुरुवातीच्या काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. आपल्या जखमेपासून बोटाचे टोक तीन-चार सेंटिमीटर आहे, म्हणजे टोकाला काही जाणवू लागायला दोन-तीन महिने धरावेत, आणि स्पर्श सुधारत जायला वर्षभर. मधल्या काळात मुंग्या येतील, टोचल्यासारखे वाटेल, तंतू पुढे सरकत असल्याची ती खूण आहे. शस्त्रक्रियेनंतरची पट्टी आणि व्यायाम यांबाबत आपल्या शल्यचिकित्सकांचे सांगणे अक्षरशः पाळावे. बोट फुगून लांबोळके झाले, वाकलेलेच राहू लागले आणि सरळ करताना कळ आली, किंवा जखमेपासून वर लाल रेघ चढली, तर रात्र असली तरी थांबू नये.

बधिर बोटाला चटका कळत नाही. चहाचा पेला, तव्याची कड, इस्त्री, गाडीचा तापलेला सायलेन्सर यांपासून ते बोट दूर ठेवावे, आणि रोज रात्री दिव्याखाली धरून त्यावर फोड किंवा ओरखडा आला आहे का ते डोळ्यांनी पाहावे. पत्नीला हळदीचे जरूर सांगावे. पुढच्या वेळी नातवंडाला लागेल तेव्हा त्यांचाच हात सर्वांत आधी पुढे येईल.